तब्येत जास्त आहे

आमच्या दिघोरीत सध्या चालू असलेली बातमी अशी : धनीरामचा भूपेंद्र परदेशात जाऊन किरिस्ताव झाला, तिथल्या एका गोऱ्या बाईशी त्याने लग्न लावलं, आणि तिने सोडलं नाही म्हणून तो बापाच्या मातीला आला नाही. बसस्टॉपवर ऐकाल तर बाई एकटी आहे. धान गिरणीपर्यंत पोचता पोचता तिला दोन पोरं झालेली असतात. बाप मेला तेव्हा पोट्टा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, पण गिरणीवर असले हिशेब कोण करतो!

आमची आणि धनीरामची भिंत एकच आहे. त्या घरात भाजीला फोडणी पडली की शिंक मला येते. तेव्हा खरं काय ते मी सांगते. भूपेंद्र किरिस्ताव झाला नाही. तो मिशनमध्ये गेला, एवढंच. अमृतसोपान मिशन. देव आपलेच, आरती आपलीच, गळ्यात पिवळं उपरणं. पण 'मिशन' हा शब्द गावाने आधी एकाच अर्थाने ऐकलेला, त्यामुळे पुढचं सगळं गावाने स्वतःच जुळवून घेतलं. गोऱ्या बाईचं तर विचारूच नका. त्या मिशनात नव्या सेवकाने बाईशी बोलताना तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचं असा नियम आहे. अंगठ्यावरून लग्न जुळल्याचं मी तरी आजवर ऐकलं नाही.

मातीला आला नाही, हे मात्र खरं.

भूपेंद्र एकुलता एक. धनीरामच्या तलावाखाली धानाच्या चार बांध्या, घरी एक म्हैस, आणि छातीत दमा. थंडी पडली की त्याच्या छातीतून अशी शिट्टी वाजायची की मी भिंतीपलीकडून विचारायची, "काहो भाऊजी, गाडी सुटली का?" तो खोकत खोकत म्हणायचा, "अजून शिग्नल नाही भेटला." त्याची बायको रुखमा मला शिव्या द्यायची आणि तोंडावर पदर घेऊन हसायची.

पोट्टा बोलका होता. शाळेत पंधरा ऑगस्टचं भाषण त्याचं, गणपतीत सूत्रसंचालन त्याचं. हातात माइक आला की सोडत नाहीत अशी गावात दोनच माणसं : एक भूपेंद्र, दुसरे मधुकरराव. मधुकरराव म्हणजे आमचे रिटायर हेडमास्तर. गावात कुणाला हिंदीत बोलायचं असलं, वकिलाशी, बँकेशी, ट्रॅक्टरच्या कंपनीशी, की फोन त्यांच्या हातात द्यायचा. हिंदी त्यांची पक्की आहे असा गावाचा समज आहे आणि त्यांचाही.

बी.ए. झाल्यावर भूपेंद्रने नागपूरला एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या घड्या घातल्या. कंटाळून परत आला. त्याच साली लाखांदूरला मिशनचं शिबिर भरलं. तिथं त्याला कुणीतरी माइक दिला. झालं, पोट्टा गेला. नागपूरच्या आश्रमात वर्षभर शिकला. मध्ये एकदा रुखमाने निरोप धाडला, "मले बरं नाही, ये." पोट्टा धावत आला, तर माय अंगणात मुगाच्या वड्या घालून राहिलेली आणि ओसरीवर मुलीकडचे चार पाहुणे चहा पिऊन राहिलेले. तो पाहुण्यांसमोरच म्हणाला, "माये, पुढच्या बारीले तू खरंच बिमार पडशीन तं मी येनार नाही." पाहुणे बश्या ठेवून निघून गेले. हे मी भिंतीवरून नाही, ओसरीवर बसून पाहिलं; चहा मीच केला होता.

मग दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली आणि त्याला परदेश लागला. देश कोणता, तर फिजी. आता हे नाव रुखमाला कळलं 'फ्रीजी'. फ्रीजसारखा थंडगार मुलूख असणार म्हणून तिने दोन स्वेटर, एक कानटोपी आणि धनीरामचं घोंगडं बांधून दिलं. तिथं डिसेंबरात घामाने सदरा अंगाला चिकटतो, हे पोट्ट्याला विमानातून उतरल्यावर कळलं.

निघायच्या दिवशी नागपूरचे स्वामी निर्लेपानंद स्वतः गाडी घेऊन आले होते. धनीराम त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "महाराज, पोट्ट्याले देवाच्या कामाले नेता, माही ना नाही. पन एक बोली हाय. माह्या मातीले मडकं यानंच धराचं. माहा पुतन्या हाय चंद्रकुमार, पन तो जेवाच्या पंगतीले बी उशिरा येते, त्याच्या भरवशावर मले जराचं नाही."

सगळे हसले. चंद्रकुमारही हसला, सगळ्यांत शेवटी.

मधुकररावांनी हे हिंदीत सांगितलं. स्वामींनी धनीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबाजी, विमान किसलिए है? खबर मिली कि दूसरे दिन बेटा आपके आँगन में."

"वचन?" धनीरामने विचारलं. हा शब्द दोन्हीकडे एकच, त्यामुळे मधुकररावांची गरज पडली नाही.

"वचन," स्वामी म्हणाले.

भूपेंद्र बापाच्या पाया पडला. बाप म्हणाला, "जाय. पन येजो."

तिथले पहिले आठवडे कसे गेले, ते त्याने मला नंतर सांगितलं. भिंतीशी बसून, खाली बघून, तुकड्यातुकड्याने. मी जोडून लिहिते.

गेल्या गेल्या त्याचा मोबाइल काढून घेतला. नव्या सेवकाने पहिले काही आठवडे घराशी बोलायचं नाही, मन मागे ओढतं, असा नियम. निरोप आला-गेला तर नागपूरच्या ऑफिसमार्फत. राहायला पत्र्याच्या छताचा एक हॉल, आजूबाजूला ऊस. पहाटे उठून संडास धुवायचे, प्रार्थना करायची, आणि मग दिल्लीकडच्या एका जुन्या सेवकाबरोबर दारोदार फिरायचं. या जुन्या सेवकाला 'बडे भैया' म्हणायचं. बडे भैया बोलणार, भूपेंद्रने पिशवी धरून उभं राहायचं. बोलायला गेलेला पोट्टा, आणि काम मिळालं पिशवीचं!

तिथले मूळचे लोक उंचेपुरे, हसरे. रस्त्यात दिसले की हात वर करून म्हणायचे, "बुला! बुला!" पहिल्या दिवशी भूपेंद्र थांबला आणि विचारलं, "किसको बुलाना है?" त्याने मागे वळून पाहिलं, मागे कोणी नाही. दुसऱ्यानेही तेच, "बुला!" हा पुन्हा मागे वळला. आठवडाभर पोट्टा मान मोडेस्तोवर मागे बघत फिरला. मग बडे भैयाने सांगितलं, की मूर्खा, हा त्यांचा रामराम आहे.

मी हसले तेव्हा. तोही हसायला गेला, पण जमलं नाही.

जायचं होतं ते आपल्या लोकांच्या घरी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांचे आजे-पणजे ऊस तोडायला नेले, ते लोक. त्यांची एक वेगळीच हिंदी. भूपेंद्रला वाटलं होतं, हे लोक देवाधर्माला तहानलेले असतील, आपण ओंजळ धरली की पितील. तर त्यांच्या घरोघरी रामायण. दर मंगळवारी मंडळी जमतात, ढोलक, हार्मोनियम, आणि म्हातारे डोळे मिटून चौपाया म्हणतात. एका म्हाताऱ्याने भूपेंद्रला विचारलं, "काहे आवा बेटा? रामजी तो हमलोग के लगे पहिले से हैं."

शिवाय घरात शिरलं की ते लोक नगोना पुढे करायचे. कुठल्याशा मुळाचं मातकट पाणी, नारळाच्या करवंटीतून. पाहुण्याने ते घ्यायचं असतं. मिशनमध्ये ते निषिद्ध. भूपेंद्र हात जोडून नको म्हणायचा आणि घरातल्यांचे चेहरे पडायचे. आपल्याकडे आलेल्याने चहाला नको म्हटलं तर आपल्याला काय वाटतं? तसंच. संध्याकाळच्या सभेला हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या आणि त्या रिकाम्या सतरंज्या पुन्हा गुंडाळायच्या. बडे भैया म्हणायचे, तुझ्या चेहऱ्यात भाव नाही, म्हणून कोणी येत नाही. जेवायला कसावा. "काकी, रताळं समजून खाल्लं तं रताळं नाही, बटाटा समजून खाल्लं तं बटाटा नाही," पोट्टा म्हणाला. लाखोरीच्या भाजीची आठवण येऊन तो एकदा संडासात जाऊन रडला. रडायला तेवढीच एक जागा होती, आणि तीही त्याने स्वतःच धुतलेली.

परत यायचं का नाही आलं मनात? मी विचारलं. म्हणाला, "आलं. पन गावानं बॅनर लावला होता न माहा."

लावला होता. चौकात, त्याच्या फोटोसकट. अजून फाटला नाही तो.

इकडे धान कापून भाऱ्यांचे पुंजणे लागले होते आणि थंडी जोरात होती. एके सकाळी भिंतीपलीकडची शिट्टी ऐकू आली नाही. मी चुलीवरचा चहा तसाच टाकून गेले. धनीराम खाटेवर बसल्या बसल्याच गेला होता, पाठ भिंतीला, माझ्याच भिंतीला. रुखमा त्याचे पाय चोळून राहिली होती.

तासाभरात अंगण भरलं. धनीरामला उतरवून ठेवलं. आणि पहिला प्रश्न सगळ्यांच्या तोंडी एकच : भूपेंद्रला कळवा. चंद्रकुमार लाखांदूरला बर्फाच्या पेटीसाठी पळाला, त्या दिवशी वेळेवर. फोन लागला मधुकररावांच्या हातातून.

आता इथं बाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे मेल्याची बातमी कोणी 'मेला' म्हणून सांगत नाही. फोनवर तर मुळीच नाही. ऐकणारा एकटा असेल, गाडीवर असेल, धसका घेईल, म्हणून. 'बरं नाही' म्हटलं तर माणूस आजारी आहे. 'सिरियस आहे' म्हटलं तर दवाखान्यात आहे. आणि 'तब्येत जास्त आहे, लवकर या' म्हटलं, तर माणूस अंगणात उतरवलेला आहे. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. 'जास्त आहे' ऐकलं की बाया एसटीत चढायच्या आधीच रडायला लागतात. कंडक्टरलाही कळतं, तो सुट्टे मागत नाही.

तर मधुकररावांनी नागपूरच्या ऑफिसला फोन लावला आणि पक्क्या हिंदीत सांगितलं, "धनीरामजी की तबीयत ज्यादा है."

स्पीकर चालू होता. निर्लेपानंदांचा आवाज आला, "ज्यादा? मतलब?"

"ज्यादा मतलब... बहुत ज्यादा है. भूपेंद्र को जल्दी भेज दो."

"तबीयत ज्यादा कैसे होती है, मास्टरजी? खराब है क्या?"

मधुकररावांनी मान वर केली. समोर अंगणात प्रेत. भोवती सगळं गाव. मग सुटल्यासारखे म्हणाले, "हाँ हाँ, खराब. खराबच समझो."

तेवढ्यात मागून बायांनी गळा काढला. मधुकररावांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्यावर डोळे वटारले, "जरा हळू रडा ना! फोन चालू आहे. तिकडे ऐकू जाईल."

आम्ही सगळ्या जणींनी तोंडात पदर कोंबले. रुखमानेसुद्धा. नवऱ्याच्या उशाशी बसलेली बाई, तिने हुंदका गिळला, का, तर नागपूरला कळू नये! गावात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत निर्लेपानंद म्हणाले, "ठीक है, सूचना दे देते हैं."

फोन ठेवला. मधुकरराव म्हणाले, "कळवलं. पोट्टा समजदार आहे, एका शब्दात ओळखेल."

सूचना फिजीला गेली ती अशी : पिताजी की तबीयत खराब है, घरवाले बुला रहे हैं.

तिथल्या मोठ्या स्वामींनी भूपेंद्रला बोलावून हे वाचून दाखवलं. वर विचारलं, "क्या करना चाहते हो? तुम्हारी इच्छा." भूपेंद्रला दिसलं काय? थंडीचे दिवस. बापाचा दमा, दरवर्षीचा. आणि मुगाच्या वड्या, आणि ओसरीवरचे पाहुणे. त्याला वाटलं, मायने पुन्हा मुलगी पाहिली. तो म्हणाला, "सेवा पूरी करके जाऊँगा." कुणी त्याला 'जास्त आहे' एवढं जरी सांगितलं असतं, त्याच दोन शब्दांत, आपल्या बोलीत, तर पोट्टा अनवाणी विमानतळावर पळाला असता. पण 'जास्त'चं नागपूरलाच 'खराब' झालं होतं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये कधी नव्हे ती माणसं होती, कुठल्याशा सणाची. मोठ्या स्वामींनी भूपेंद्रला व्यासपीठावर घेतलं आणि सांगितलं, की या मुलाचे वडील आजारी आहेत, घरचे बोलावताहेत, तरी हा तुमच्यासाठी थांबला. टाळ्या झाल्या. पहिल्यांदा. मग त्याला माइक दिला. त्याने बापाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना सांगितली आणि सगळ्या हॉलने ती त्याच्यामागे म्हटली. शतायुषी व्हावं, म्हणे. इकडे शतायुषी माणूस लाखांदूरच्या पेटीत गार पडून होता.

सभा सुटल्यावर एक म्हातारी त्याच्याजवळ आली. तिने त्याचा हात धरला. "बेटा, जाके देख लेव. हमार आजा के लगे भी इंडिया से खबर आइस रहा, माई बेमार है. माई तो कब के मर गइस रहा."

"मंग तू काय म्हणला?" मी विचारलं.

"म्या म्हणलं, नहीं अम्मा, उनको हर साल होता है." त्याने भिंतीचा एक पोपडा नखाने काढला. "काकी, तिले समजलं. सात समुद्रापलीकडच्या बुढीले समजलं. मले टाळ्या ऐकू येऊन राहिल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांचा फोन वाजला. अंगण पुन्हा गोळा झालं. पेटीचं यंत्र घरघरत होतं. स्पीकरवर निर्लेपानंद म्हणाले, "भूपेंद्रजी ने निर्णय लिया है कि वे सेवा छोड़कर नहीं आएँगे. धन्य है ऐसी माता."

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, त्याले मेल्याचं सांगा ना सरळ!"

मधुकरराव म्हणाले, "सांगायचं काय आता? तो काय परका आहे? इथलाच पोट्टा ना? समजून उमजून नाही म्हणतो."

धन्य माता उठली. हाताने डोळे पुसले आणि चंद्रकुमारला म्हणाली, "धर बा मडकं."

चंद्रकुमारने धरलं. रडत धरलं. अर्ध्या वाटेत त्याच्या हातून ते निसटता निसटता राहिलं. ज्याच्या भरवशावर जायचं नव्हतं, त्याच्याच मागे धनीराम गेला.

दसवा झाला, तेरवी झाली. चुलबंद नदीच्या पाण्यात राख सोडली. रुखमाने भिंतीवरचा पोट्ट्याचा पिवळ्या उपरण्यातला फोटो उतरवून धानाच्या कोठीमागे ठेवला. मी विचारलं, "काहून?" म्हणाली, "याच्या बापाच्या फोटोले हार घालाचा होता तिथं, जागा पाहिजे न."

मग तिकडे त्याचे नियमाचे आठवडे संपले आणि त्याला मोबाइल परत मिळाला. पहिला फोन त्याने घरी केला. मी तेव्हा तिथेच होते, तांदूळ निवडत. रुखमाने फोन उचलला आणि कानाला न लावता हातात धरला, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"माये, मी बोलून राहिलो. कशी हायस? बाबाची तब्येत कशी हाय आता?"

रुखमाने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"माये? बाबाले दे न फोन."

"कोनाले?" रुखमा म्हणाली. "तेरवी झाली, बापा. जेवन झालं गावाचं. आता कायची तब्येत इचारतं?"

फोन चालू होता, आकडे पळत होते, आवाज नाही. रुखमाने तो तांदळाच्या सुपात ठेवून दिला आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी पाहत राहिले त्या फोनकडे. बऱ्याच वेळाने तो आपला आपणच बंद झाला.

तो आला. तिकिटासाठी तिथं काय काय करावं लागलं, ते सांगत नाही. एवढंच म्हणतो, की निघायचं म्हटलं तेव्हा स्वामींनी सांगितलेलं दुसऱ्या दिवशीचं विमान नव्हतं. बसस्टॉपपासून घरापर्यंत कोणी त्याला रामराम घातला नाही. आमच्याकडे माणूस परगावाहून असा आला की बाया त्याच्या गळ्यात पडून रडतात. त्याच्या गळ्यात कोणी पडलं नाही. रुखमाने ताट वाढलं, ठेवलं, आत गेली. उशिरा का होईना म्हणून त्याने मुंडन केलं. गिरणीवर त्याचंही निघालं, की गोऱ्या बाईने टक्कल करायला लावलं.

एकदा तो मधुकररावांच्या ओसरीवर गेला. मी दळण घेऊन जाता जाता थांबले, थांबण्याजोगंच होतं.

"गुरुजी, तुमी काय सांगतलं होतं?"

"सांगितलं की! जास्त आहे म्हणून."

"मले खराब सांगतलं."

"अरे, जास्त काय आणि खराब काय, एकच ना."

"एकच हाय?"

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तसं कसं सांगणार रे, फोनवर, परक्या माणसाला? रीत असते काही."

भूपेंद्र उठून आला. त्या दिवसापासून तो सगळ्या गावाशी जेवढ्यास तेवढं बोलतो. शब्द मोजून देतो, किराणावाल्यासारखे. ज्याच्या हातून माइक सुटायचा नाही, त्याच्या तोंडून आता 'हौ' काढायला दोनदा विचारावं लागतं. आईशी त्याचं म्हशीवरून बोलणं होतं, तेवढंच. रुखमाला मी सांगितलं सगळं, त्याला तिथं काय सांगण्यात आलं ते. ती म्हणाली, "असन. पन बुढीले समजलं न?" बुढीचंही मीच सांगितलं होतं.

आणि मग मागच्या पंधरवड्यात स्वामी निर्लेपानंद आले. दोन गाड्या, शाल, श्रीफळ, गुरूंची मोठी तसबीर, आणि व्हिडिओ काढणारा एक माणूस. शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. मधुकररावांनी प्रास्ताविक केलं. ते लांबलं. रुखमाला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, तिने खुर्ची सोडली आणि आमच्यात येऊन खाली बसली. भूपेंद्रला चंद्रकुमारने ओढून आणला होता.

स्वामी म्हणाले, की फिजीमध्ये आता या मुलाची गोष्ट सांगितली जाते. नवे सेवक येतात त्यांना पहिल्यांदा हीच सांगतात. पित्याच्या आजाराची सूचना मिळाली, इच्छा विचारली, आणि याने सेवा निवडली. पुढे पित्याचा देहांत झाला, तरी याची निष्ठा ढळली नाही. असा त्याग शास्त्रांत वाचतो आपण, इथं डोळ्यांनी पाहतो आहोत. येत्या महिन्यात याला पुन्हा पाठवायचं ठरलं आहे, आणि या वेळी पिशवी धरायला नाही, प्रवचनाला.

गावाने टाळ्या वाजवल्या. तेच गाव, ज्याने त्याला रामराम घातला नव्हता. काय करणार, व्हिडिओ चालू होता. मीही दोन वाजवल्या, मग रुखमाच्या मांडीवरचे हात पाहिले आणि थांबले.

स्वामींनी शाल उलगडली. भूपेंद्र पुढे झाला, पण वाकला नाही, त्यामुळे शाल स्वामींच्या हातातच राहिली. ते हसून म्हणाले, "संकोच मत कीजिए. दो शब्द बोलिए," आणि त्याच्यासमोर माइक धरला.

भूपेंद्र म्हणाला, "त्याग कराले आधी मालूम पाहिजे, महाराज. माहा बाप मेला हे मले कोनी सांगतलंच नाही, मंग म्या सोडलं काय? हा त्याग नाही, माह्या हातच्या मडक्याची चोरी होय. अन् चोरी एकट्या तुमीनंच नाही केली, माह्या गावानं बी केली."